योजनेचं कलम

दुर्ग शहरातल्या कचेरीसमोर चिंचेखाली त्या काळी अकरा अर्जनवीस बसायचे. दहा जण पोटासाठी अर्ज लिहीत. अकरावे नंदेश्वरबाबू राज्यघटनेसाठी लिहीत, आणि त्यातून वेळ उरलाच तर पोटासाठी.

सखाराम नंदेश्वर. मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेत गँगमनपासून टाइमकीपरपर्यंत चढले आणि एका साहेबाला त्याच्याच खात्याचा नियम दाखवला म्हणून तिथून उतरले. अंगानं इतके वाळलेले, की वारा सुटला की बाकीचे दहा जण आपापले कागद दाबून धरत आणि बाबू टेबल दाबून धरत, स्वतः उडू नये म्हणून. आवाज मात्र असा, की त्यांनी चिंचेखाली अर्ज वाचायला घेतला की तिकडे स्टेशनात नागपूर पॅसेंजरचा गार्ड तोंडातली शिट्टी काढून उभा राहायचा. काहीतरी सरकारी चाललंय, मध्ये वाजवणं बरं नाही, म्हणून.

त्यांचा नियम एकच. कलमाशिवाय अर्ज लिहायचा नाही. एकदा एकजण म्हैस हरवल्याचा अर्ज लिहून घ्यायला आला. बाबू म्हणाले, "थांब, म्हशीचं कलम पाहू दे." अर्धा दिवस पुस्तकं उलटत बसले. शेवटी कोंडवाड्याच्या कायद्यात म्हैस सापडली. तोवर खरी म्हैस आपल्या पायानं घरी जाऊन दूधही देऊन मोकळी झाली होती. तरी बाबूंनी अर्ज पुरा केला. म्हणाले, "पुढच्या खेपेले कामी येईल."

लिहून झालेला अर्ज ते पक्षकाराला तीनदा वाचून दाखवायचे. मग टाक खाली ठेवून विचारायचे, "आता तू सांग, म्या काय लिवलं?" त्याला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं तरच अंगठा. एका म्हाताऱ्याला त्यांनी नऊ वेळा वाचून दाखवलं. दहाव्यांदा चष्मा पुसायला लागले तेव्हा म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाबू, जमीन राहू द्या भावाकडं. मले घरी जाऊ द्या."

आणि घटनेची प्रत. हिंदी भाषांतर होतं, चांगलं वीटभर जाड. ते उघडायचं तर बाबू चपला काढून उभे राहायचे. मी विचारलं, "बसून वाचलं तर अक्षरं पळतात का?" माझ्याकडं असं पाहिलं, की मी आपला मुकाट चिंचा मोजायला लागलो. "तुमसरवाले," ते म्हणाले (मी तुमसरचा म्हणून मला हेच नाव), "ज्यानं हे लिवलं तो आमचा बाप. बापापुढं बसून रायते का कोणी?"

त्यांचा हा विश्वास पुस्तकी नव्हता. कचेरीत एक पाणक्या होता. सगळ्यांना पेला हातात देई, बाबूंना वरून ओंजळीत ओती. बाबूंनी त्याला नोटीस लिहिली: आपण कोणत्या नियमाने उंचीवरून पाणी ओतता, सदर उंची किती आणि ती कोणी मंजूर केली, याचा खुलासा सात दिवसांत करावा, कलम सतरा, अस्पृश्यतेस बंदी. पाणक्याला वाचता येईना. तो ती नोटीस घेऊन चिंचेखालच्या दहाही जणांकडे फिरला. एकालाही उत्तर लिहिता येईना, कारण काहीही लिहिलं तरी गुन्हा कबूल होत होता. आठव्या दिवशी पेला हातात आला. बाबू तहान नसताना तीन पेले पाणी प्याले आणि त्यांनी पाणक्याला रीतसर पावती दिली, पेला पोचला म्हणून. कलम लागू पडतं हे त्यांनी असं स्वतःच्या घशानं पाहिलं होतं.

त्यावर रेल्वेची सवय. रेल्वेत रूलबुक असतं. हिरव्याला जायचं असं त्यात छापलं, की कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत यच्चयावत ड्रायव्हर जातो, आणि न जाणाऱ्याची नोकरी जाते. सरकारनं छापलं म्हणजे सरकार बांधलं गेलं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथंच सगळं चुकलं.

मी तेव्हा भिलाईच्या मोजणी पार्टीत साखळी ओढत होतो. आज जिथं पोलाद कारखान्याच्या मिलच्या छपराखाली उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही, तिथं धानाचे बांध होते, तलाव होते, आणि कोसमडीह नावाचं चाळीसेक उंबऱ्यांचं गाव होतं. त्या गावात बिसाहू नावाचा एक शेतकरी आम्हाला दुपारी बासी खाऊ घालायचा. रात्रभर पाण्यात भिजलेला भात, मीठ, कांदा. त्याच्याच शेतात खुंट्या ठोकायच्या आणि त्याचीच बासी खायची. मी चार माणसांची खायचो, त्यामुळं मला चार माणसांची लाज वाटायची.

एक दिवस त्या गावाला नोटीस आली. सरकारी कामासाठी जमीन पाहिजे, ज्याला हरकत असेल त्याने तीस दिवसांत लेखी द्यावी, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. त्याआधी कोणी एक साहेब जीपमधून येऊन गेला होता. कुठल्या खात्याचा ते आजतागायत कळलेलं नाही. जीपच्या बॉनेटवर उभा राहून तो बोलला, घरटी एकाला पक्की नोकरी, राहायला घर, घरात वीज, सगळं पंचवार्षिक योजनेत आहे. आणि योजनेचं हिंदी पुस्तक गावाला देऊन गेला. बिसाहू नोटीस आणि पुस्तक दोन्ही फेट्यात बांधून बसला होता. त्याला काय करावं कळेना. मीच त्याला आणि त्याच्या बायकोला, सुकवारोला, दुर्गला बाबूंकडं घेऊन गेलो. बासीची परतफेड.

बाबूंनी पुस्तक आठ दिवस ठेवून घेतलं. उभ्यानं वाचलं. ज्यांच्या जमिनी जातील त्यांना कामाला लावावं, वसवावं, अशा अर्थाचा मजकूर त्यांना कुठंतरी मधल्या पानांत सापडला. नवव्या दिवशी माझ्याबरोबर मोजणीवरचा एक रशियन दुर्गच्या बाजारात टॉर्चचे सेल घ्यायला आला होता. आम्ही सगळ्या रशियनांना इवानच म्हणायचो. साडेसहा फूट उंच, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. बाबूंनी त्याला चिंचेखाली अडवलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, तुमच्याकडं योजना असते, तिचं वजन किती?

इवाननं टेबलावर असा हात आपटला की दौत उडून पाचव्या अर्जनविसाच्या धोतरावर पडली. दुभाषी म्हणाला, "साहब कहते हैं, हमारे यहाँ योजना ही क़ानून है."

बाबू उजळले. "ऐकलं तुमसरवाले? कायदाच होय! आपला कारखाना बांधून देऊन राहिले ते, त्यायले मालूम नसंल?"

मग त्यांनी बिसाहूला सांगितलं, हरकत घेऊ नकोस. "हरकत कावून घेतं बा? देशाचं काम हाये. लोखंड निंगंल, त्याच्यात तुयं पोरगं फोरमन होईल. आपण नोकरीचा अर्ज टाकू. योजनेच्या पुस्तकात हाये."

बिसाहू म्हणाला, "किताब मा लिखे हे त होबे करही न, बाबू?" लिहिलंय म्हणजे होणारच ना.

"होणारच."

गावानं त्यांचं ऐकलं. एकही हरकत गेली नाही. बाबूंनी चाळीस घरांचे नोकरीचे अर्ज लिहिले, गोल शिक्क्याच्या पोचा घेतल्या. फक्त आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्जात कलमाची जागा कोरी सोडली. मला म्हणाले, "असंलच कुठंतरी. सापडलं का टाकून देऊ." आणि तीस दिवस संपले.

पुढचं मी कितीही वाढवून सांगितलं तरी कमीच पडेल. बुलडोझर आले तेव्हा कोसमडीहच्या तलावातले मासे बांधावरून चालत शेजारच्या रुआबांध्याकडं गेले असं मी लोकांना सांगायचो, आणि लोक मानायचे, कारण माणसं तशीच जाताना त्यांनी पाहिली होती. पहिली भट्टी पेटल्यावर आभाळ असं लाल राहू लागलं, की रुआबांध्यातले कोंबडे दिवसातून चारदा आरवून आरवून घसा बसून मेले. मला क्रेनवर पक्की नोकरी लागली. मी मॅट्रिक नापास होतो, पण नापास व्हायला आधी शाळेत जावं लागतं, आणि तेवढं कागदावर पुरत होतं.

बिसाहूला कंत्राटदाराकडं काम मिळालं. तो आणि सुकवारो डोक्यावरून गिट्टी वाहायचे. त्याच्याच धानाच्या बांधावर मिलचा पाया भरला गेला आणि भरणाऱ्यांत तोही होता. सात पावसाळे त्यानं वाट पाहिली. दर वर्षी तो पोच घेऊन भरतीच्या खिडकीपाशी जायचा. पहिली दोन वर्षं सांगितलं, बांधकाम होऊ दे. पुढं सांगितलं, शिक्षण नाही. शेवटी सांगितलं, वय गेलं. बांधकाम संपलं तसं कंत्राटदारानं यादी छाटली आणि त्यात हे दोघेही गेले. तेव्हा तो पुन्हा चिंचेखाली आला. पोच पुढं ठेवली.

त्या दुपारी बाबू मला सोबत घेऊन पाध्ये वकिलांकडं गेले. पाध्ये तीन पिढ्या दुर्गचे, पान खाऊन ओठ कायमचे रंगलेले, माणूस कडू पण खरा. बाबू त्यांच्या बैठकीत चपला काढून उभे राहिले आणि घटना उघडली.

"वकीलसाहेब, योजनेवर दावा लावायचा हाये. कलम म्या काढलं. सातवी अनुसूची, तिसरी यादी, नोंद वीस. आर्थिक आणि सामाजिक नियोजन. घटनेतच हाये."

"आहे ना," पाध्ये म्हणाले. "त्या विषयावर कायदा करता येईल, एवढंच त्यात आहे. केलाय का कुणी कायदा? योजनेचं मंडळ नेमलं ते मंत्रिमंडळाच्या ठरावानं. घटनेत त्याचं नाव नाही. योजना संसदेत मांडतात, चर्चा होते, बाकं वाजतात. पण ती कायदा म्हणून पास होत नाही, नंदेश्वर. तिच्यावर दावा लावणार म्हणजे भाषणावर लावणार."

"रशियन साहेब तं म्हणत होता..."

"त्याच्या देशात असेल. त्याचं कोर्ट दुर्गात बसत नाही."

बाबूंनी पानं उलटली. "बरं, एकोणचाळीस घ्या. जगाले पुरंल असं साधन सगळ्यायले भेटावं, राज्यानं तसं धोरण ठेवावं. हे तं हुकूमच झाला ना?"

"त्याच्या दोन कलमं मागं जा. सदतीस. मोठ्यानं वाचा."

बाबू वाचू लागले. तोच आवाज, गार्डची शिट्टी थांबवणारा. या भागातली तत्त्वं देशाचा कारभार चालवायला मूलभूत आहेत, राज्यानं कायदे करताना ती लावावीत, पण कोणत्याही न्यायालयाकडून त्यांची अंमलबजावणी करून घेता येणार नाही. तिथं ते अडखळले. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना आवाज आला नाही, नुसते ओठ हलले. मग ते खाली बसले. घटना हातात उघडी असताना त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाध्ये पान थुंकून आले आणि जरा मऊ झाले. "हे पाहा. जमीन घेतली ती कायद्यानं. त्याला कलम आहे, मुदत आहे, अधिकारी आहे. नोकरी द्यायची होती ती योजनेनं. तिला फक्त पुस्तक आहे. घेताना कायदा, देताना योजना. यात तुमचा काही दोष नाही."

"हाये," बाबू म्हणाले. "हरकतीचं कलम होतं. तीस दिवस होते."

"अहो, हरकतीनं काय झालं असतं? कारखाना थांबला असता? फेटाळल्या असत्या सगळ्या."

"फेटाळा लागल्या असत्या ना पण. साहेबाले बसा लागलं असतं, नाव पुकारा लागलं असतं, यायचं म्हणणं लिवून घ्या लागलं असतं. त्या चाळीस घरायपाशी सगळ्या दुनियेत तेवढंच एक कलम होतं वकीलसाहेब. ते म्या खाल्लं."

पाध्यांनी पानदान बंद केलं. इथून पुढं मीही वाढवून काही सांगत नाही. गरज पडत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबू रुआबांध्याच्या कडेला, जिथं छाटलेल्या मजुरांच्या झोपड्या होत्या, तिथं गेले. मी सोबत होतो. बिसाहू भिंतीला पाठ लावून बसला होता, सुकवारो चूल सारवत होती. बाबूंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. योजना कायदा नाही. दावा लागत नाही. तीस दिवस होते ते माझ्या सांगण्यानं गेले. चूक माझी. अर्ज तीनदा वाचायची सवय, तसं हेही त्यांनी तीनदा सांगितलं. आणि सवयीनंच विचारलं, "आता तू सांग, म्या काय म्हटलं?"

बिसाहू मान खाली घालून राहिला. सुकवारोनं सारवणाचा हात थांबवला. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "किताब ला तो तैं पढ़े हस, बाबू. हमन तो तोला पढ़े हन."

पुस्तक तू वाचलंस. आम्ही तर तुला वाचलं.

बाबूंनी मान डोलावली. तिनं बरोबर उत्तर दिलं होतं.

महिनाभरात ती दोघं गेली. कुणी वीटभट्टीवर म्हणालं, कुणी कोळसा खाणीकडं. त्या काळी दुर्ग स्टेशनावरून रोज अशी माणसं जायची, डोक्यावर गाठोडं आणि हातात कोंबडी. स्टेशनावर बाबू गेले होते म्हणे. पण गाडीपाशी गेले नाहीत, माल धक्क्यावर उभे राहिले.

त्यानंतर बाबू चिंचेखाली क्वचित दिसू लागले. कारखाना वाढत होता, नव्या गावांना नोटिसा लागत होत्या. नोटीस लागली की हा माणूस जुन्या सायकलवर तिथं हजर. गावकऱ्यांना सांगायचे, हरकत लिहा. ते विचारायचे, "जमीन वाचेल का?" बाबू म्हणायचे, "नाही." "मग नोकरी?" "सांगता येत नाही." "मग कशाला लिहायचं?" बाबू म्हणायचे, "तुमी नाही म्हटलं होतं, एवढं कागदावर राहील." लोक हसायचे. काही जण लिहायचे. साहेबलोक वैतागले. बाबू विकासाच्या आड येतात, कोणाचे तरी पैसे खातात, असंही दुर्गात बोललं गेलं. पैसे खाल्लेला माणूस इतका वाळलेला राहतो का, हे कुणी पाहिलं नाही. चिंचेखालच्या दहा जणांनी त्यांच्या जागेवर केव्हाच टेबलं सरकवून घेतली होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हरकतींच्या सुनावणीला. माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. आत एक तरुण अधिकारी, माणूस सभ्य होता. त्याला सगळ्या हरकती एका ओळीत फेटाळून जेवायला जायचं होतं. बाबू उठून म्हणाले, "साहब, एक-एक का नाम पुकारिए. क़ायदे में है." होतंच कायद्यात. शिपाई दारात येऊन नावं पुकारू लागला. एकेक माणूस आत जायचा, हात जोडून उभा राहायचा, म्हणायचा, जमीन नाही द्यायची साहेब. साहेब लिहायचा. फेटाळली. पुढचा. असं दीड तास चाललं. काही म्हातारे बाहेर येताना, कुठून कोण जाणे, ताठ चालत होते.

शेवटी शिपायानं पुकारलं, "बिसाहू वल्द मनराखन, मौज़ा कोसमडीह!"

कुणी पुढं आलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. व्हरांड्यातल्या कुणालाच ते गाव माहीत नव्हतं. बाबू पुढं झाले. "हाजिर," ते म्हणाले.

अधिकाऱ्यानं बाबूंच्या अक्षरातला तो कागद उलटसुलट पाहिला. "ये मौज़ा तो नक़्शे में है ही नहीं. यहाँ तो मिल है. और आप बिसाहू हैं?"

"नहीं साहब. उसका अर्जनवीस हूँ."

"इसकी मियाद को तो बरसों हो गए."

"जी. मियाद मेरे कहने से गई. वजह में वही लिख दीजिए."

अधिकाऱ्यानं टाक उचलला. क्षणभर बाबूंच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, जणू मी काही सांगीन. त्यानं दोनच शब्द लिहिले, मियाद बाहर, आणि सही करून कागद गठ्ठ्यात घातला.

बाबू बाहेर आले. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. फेटाळलेल्या हुकुमाची नक्कल मिळते, तिला वेगळा अर्ज लागतो. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले, गुडघ्यावर पाटी घेतली आणि तो अर्ज लिहू लागले. माझी बस सुटत होती. जाता जाता मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. अर्जदाराचं नाव लिहून झालं होतं, बिसाहू वल्द मनराखन. त्याखाली अर्जदाराचा पत्ता होता. तिथं टाक टेकवून बाबू थांबले होते, आणि टाकाखाली शाई पसरत चालली होती.